क्रंपचा बाप्तिस्मा

वॅनेटाचा मुलगा डस्टिन घरी पोचायच्या आत त्याच्याबद्दल काय ते बोलून घ्यावं, म्हणून मंडळी सकाळीच तिच्या स्वयंपाकघरात जमली होती. निमित्त उद्याच्या सभेचं. तिचा नवरा डेन्झिल स्टिडम जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि पिजन फोर्क चर्चच्या रिवाजाप्रमाणे त्याची आठवणसभा उद्या दुपारी डोंगरावरच्या कबरस्तानात भरायची होती.

डेन्झिलचा धाकटा भाऊ एस्टिल टेबलाच्या टोकाला, म्हणजे डेन्झिलच्याच खुर्चीत बसला होता. आता चर्चचा म्होरक्या तोच. त्याची बायको लोरीन येताना पातेलंभर कोंबडीचे डंपलिंग करून घेऊन आली होती. जावेच्या घरी जेवायला जायचं आणि स्वतःचं पातेलं घेऊन जायचं, याचा अर्थ वॅनेटाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं ते पातेलं शेगडीच्या मागच्या बाजूला ठेवलं आणि त्याखालचा गॅस काही पेटवला नाही.

"वहिनी, प्रश्न गाण्याचा आहे," एस्टिल म्हणाला. "दादाचं गाणं उद्या द्यायचं कुणी?"

"दर रविवारी तूच देतोस की."

यावर वॅनेटाची मुलगी चार्ला हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागली. पिजन फोर्कच्या चर्चमध्ये वाद्य म्हणून नाही. एकानं उभं राहून गाण्याची ओळ भराभर म्हणायची आणि मग साऱ्यांनी ती लांबवत, घोळवत गायची. याला तिथं ओळ देणं म्हणतात. डेन्झिलनं हयातभर ओळ दिली. खाणीत कोळसा खाऊन छाती गेली तरी आवाज गेला नाही. नाकातून निघणारा, जरा रडका, जरा खोडकर, अख्ख्या खोऱ्यात ओळखू येणारा आवाज. तो गेल्यापासून एस्टिल ओळ देतो, आणि सुरुवातच इतकी वर लावतो की तिसऱ्या ओळीला बायका नुसती तोंडं हलवतात.

"रिवाज असा की गेलेल्या माणसाचं गाणं त्याच्या मुलानं द्यायचं," एस्टिल म्हणाला. "पण मुलगा चर्चचा सभासद पाहिजे. तो नाही, याला मी काय करू?"

"तुम्हीच त्याचं नाव यादीतून काढलंत," चार्ला म्हणाली.

"मी नाही, चर्चनं काढलं. तुझ्या बापानंही हात वर केला होता."

हे खरं होतं.

नाव काढण्याचं कारण खोऱ्यात सगळ्यांना पाठ होतं. डस्टिन आधी साधा विनोद करणारा होता. नॅशव्हिलच्या बारमधून स्वतःच्या नावानं, स्वतःच्या कपड्यांत उभा राहायचा, आणि त्याचे विनोद ऐकून लोक बिल मागवायचे. मग एका संध्याकाळी त्यानं पांढरी टोपी घातली, खोट्या झुपकेदार मिशा चिकटवल्या, काळा चष्मा लावला, शर्टाची बटणं बेंबीपर्यंत सोडली आणि रॉय डेल क्रंप हे नाव सांगून गिटारवर एक गाणं म्हटलं. गाणं 'तुझ्या आईपाशी माझा नंबर आहे' हे. त्या संध्याकाळी बिल कुणी मागितलं नाही. त्याला आता पंधरा वर्षं झाली. 'ट्रॅक्टरवर दोघं', 'शेरिफची बायको आणि मी', एकाहून एक दिव्य गाणी. पोलीस शिपायांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे ती गातात आणि सगळे सांगतात की आपण ऐकत नाही. डस्टिनची गंमत अशी की तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा, ती गाणी माझी नाहीत, क्रंपची आहेत. मी त्याला भेटलो तर त्याच्याशी बोलणारही नाही.

एस्टिलला वाटायचं, या सगळ्याचा सर्वांत मोठा घाव बसला तो वहिनीला. बाजारात क्रंपचं नाव निघालं की ती मान खाली घालून निघून जायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. निघून ती कुठं जायची, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं. ती जाऊन आपल्या गाडीत बसायची, काचा वर करायची आणि क्रंप लावायची.

कारण डेन्झिलनं हयातीत कधी टेपरेकॉर्डर जवळ येऊ दिला नाही. देवाचं गाणं डब्यात भरायचं नसतं म्हणायचा. तो गेला आणि घरात त्याचा आवाज म्हणून काही उरलं नाही. मग मागच्या हिवाळ्यात, दुकानाच्या आवारात, कुणाच्या तरी ट्रकमधून 'शेरिफची बायको' लागलेलं तिच्या कानावर पडलं. पिठाची पिशवी हातात तशीच राहिली. शब्द असे की कान धुवावेत, पण आवाज डेन्झिलचा. तोच नाकातला सूर, ओळीच्या शेवटी तसाच मोडून खाली सोडलेला. मुलगा टोपी घालून बापाचा आवाज काढत होता आणि हे हयात माणसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण जे चर्चला जायचे ते ऐकत नव्हते आणि जे ऐकत होते त्यांनी डेन्झिलला कधी ऐकलं नव्हतं. निदान वॅनेटाचा समज तसा होता.

बाहेर गाडी थांबली. डस्टिन आत आला तो राखाडी टीशर्टात, डोक्यावर विरळ केस, हातात आईसाठी कुंडी. ओठावर मिशी नाही, काही नाही. लोरीननं त्याला खालपासून वर न्याहाळलं.

"टोपी नाही आणलीस?"

"कशाला, काकू?"

"सहज विचारलं. माझ्या बायबलच्या वर्गातल्या बायका म्हणत होत्या, जवळून बघता आली असती. म्हणजे निषेध करायला."

"गाडीत आहे. निषेध टोपीसकट करायचा की नुसत्या मिशीचा?"

वॅनेटानं त्याच्यापुढे वाळवणाच्या शेंगा आणि मक्याचा पाव ठेवला. तो बसतो न बसतो तोच एस्टिलनं सुरुवात केली.

"हे बघ डस्टिन, उद्या सभेत उभं राहायचं, चूक झाली म्हणायचं. सभासद हात वर करतील, तुझं नाव परत लिहू. मग बापाची ओळ दे."

"कसली चूक, काका?"

"कसली म्हणजे? ती घाण गाणी."

"लोक हसतात त्यांना. हसवणं चूक आहे असं मी देवासमोर खोटं कसं सांगू? आणि खरं म्हणाल तर ती गाणी क्रंपची."

"हेच. नेहमी हेच. 'तुझ्या आईपाशी माझा नंबर आहे, स्वयंपाकघरात भिंतीवर लिहिलाय,' असलं गाणं..."

"भिंतीवर नाही, फ्रीजवर," लोरीन म्हणाली. "भिंत दुसऱ्या कडव्यात येते."

लोरीन उठून पाणी प्यायला गेली.

चार्लाला आता राहवेना. "काका, मी एक सांगू? पाप केलं क्रंपनं. हा म्हणतो मी तो नव्हे. मग याला कशाला छळता? क्रंपलाच न्या ओढ्यावर आणि द्या बुडवून."

तिनं टोमणा मारला होता. पण एस्टिलला टोमणे कळत नाहीत, त्याला नियम कळतात. त्यानं काटा खाली ठेवला आणि तो विचारात पडला. चार्लाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"असं बघा," एस्टिल म्हणाला. "डस्टिनचा बाप्तिस्मा झालाय, मीच केलाय. एका माणसाला आपण दोनदा पाण्यात घालत नाही. बरोबर? पण क्रंपचा झालेला नाही."

"क्रंप नाहीच आहे, काका," चार्ला म्हणाली.

"नाही कसा? त्याच्या नावाच्या पाट्या हमरस्त्यावर लागल्यात. त्याच्या नावावर आपण एका माणसाला चर्चबाहेर काढला. तेव्हा तो होता आणि आता नाही, असं चालतं का? बाप्तिस्मा न झालेला पापी आहे तो. त्याला पाण्यात घातला, की जुना माणूस तिथंच पुरला. वर येईल तो डस्टिन. मग चूक कबूल करायचीच गरज नाही. पण एक आहे, क्रंप गेला म्हणजे गेला. ती टोपी नाही, ते कपडे नाहीत, तो आवाज नाही. पुरलेला माणूस परत गाऊ शकत नाही."

वॅनेटाचा डाव पातेल्यातच थांबला.

"सभासद मानतील?" लोरीननं विचारलं. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"एकमत लागतं. पाण्याकाठी मी विचारणार, कुणाची हरकत आहे का. एक जरी हात वर झाला तरी माणूस कोरडाच घरी जातो."

"ब्रदर हर्शेल आडवा येईल. तो पावसालाही हरकत घेतो."

"हर्शेलला मी सांभाळतो."

मग त्यांनी एकेक सभासद घेतला. कोण ऐकेल, कोणाला कुणाच्या सासऱ्यामार्फत सांगावं लागेल, कोणाला नुसता केक पाठवला की पुरेल. सगळ्यांची नावं झाली. वॅनेटाचं नाव कुणी घेतलं नाही. ती तर आई. तिच्याइतकी खूश कोण होणार?

डस्टिन आधी पोट धरून हसला. एवढं हसू त्याला स्वतःच्या विनोदांवर कधी आलं नसेल. मग ते ओसरलं.

"म्हणजे उद्या सकाळी क्रंप गेला तर दुपारी बाबांची ओळ मी देऊ शकतो?"

"देऊ शकतोस."

"कुंपणाच्या आत, सभासदांच्यात, त्यांच्या कबरीशी उभा राहून?"

"हो म्हटलं ना."

डस्टिननं पावाचा तुकडा ताटातच कुस्करला. "चालेल," तो म्हणाला. "बुडवा."

जेवणं झाल्यावर वॅनेटा म्हणाली, कबरीवरची जुनी फुलं काढून नवी ठेवायची आहेत, मला वर घेऊन चल. डस्टिन तिच्या गाडीत बसला, किल्ली फिरवली, आणि गाडीभर क्रंप गर्जायला लागला. 'ट्रॅक्टरवर दोघं', आणि तेही नेमकं ट्रॅक्टर चिखलात रुततो ते कडवं.

डस्टिननं आईकडे बघितलं. वॅनेटा समोर बघत होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या लिली.

"आई, हे काय आहे?"

"बंद करू नकोस. कडवं संपू दे."

ट्रॅक्टर रुतला, निघाला, पुन्हा रुतला. चर्चमधला हयातभराचा आवाज शेवटच्या शब्दावर मोडून खाली आला. मग तिनंच हात पुढे करून बटण दाबलं.

"शब्द मी ऐकत नाही," ती म्हणाली. "म्हणजे आता पाठ झालेत, त्याला इलाज नाही."

डस्टिननं स्टिअरिंगवर हात ठेवले. "तुला कळलं तर."

"नवरा होता माझा. मला नाही कळणार तर कुणाला?"

"लहान असताना मी चार्लाला हसवायला बाबांची नक्कल करायचो. खाटेवर उभं राहून ओळ द्यायचो आणि ती खालून गायची. त्या दिवशी बारमध्ये काहीच जमेना, तेव्हा तोंडातून तेच निघालं. टोपी नंतर आली, आई. आधी आवाज आला. अजूनही तेच करतो. मी ओळ देतो, हॉलभर लोक ती परत गातात. बिअर पिऊन गातात एवढंच. बाबांना कळलं होतं का गं?"

"एकदा ऐकलं त्यांनी. पेट्रोल भरत होते आणि शेजारच्या गाडीत लागलं होतं. टाकी भरून बुटावर सांडलं तरी नळी सोडली नाही. घरी आल्यावर म्हणाले, ओळ बरोबर धरतो पोरगा. शब्द मात्र डुकराचे आहेत."

"आणि मग हात वर केला."

"मग दोन रविवारांनी हात वर केला. तसेच होते ते."

डस्टिन हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. "मला कंटाळा आलाय, आई. मागे एकदा सिनसिनाटीला मी टोपी न घालता स्टेजवर गेलो. लोकांनी विचारलं, कार्यक्रम कधी सुरू होणार? मला एकदा कुणीतरी डस्टिन म्हणून आत घ्यावं. बाबांच्या चर्चनं घेतलं तर बरंच."

आता यावर आईनं काय बोलावं? तिला म्हणायचं होतं की उद्या क्रंप बुडाला तर माझा नवरा दुसऱ्यांदा जाईल. पण मुलगा घराच्या दारात उभा आहे आणि आपण दाराला आतून कडी लावायला निघालोय, असं तिला वाटलं. तिनं लिलींची पानं सरळ केली.

"उद्या बाबांचं गाणं त्यांच्याच आवाजात देईन," डस्टिन म्हणाला. "तेवढं तर ऐकशील."

"आणि परवा?"

त्यानं गाडी डोंगराच्या रस्त्याला काढली.

लोरीननं ही गोष्ट फक्त दोघींना सांगितली होती. त्यामुळे रविवारी सकाळी ओढ्याकाठी पिजन फोर्कच्या इतिहासात जमली नव्हती एवढी गर्दी जमली. अलीकडे सभासद, काळे कोट आणि लांब झगे. पलीकडे पुलापर्यंत ट्रकच ट्रक, आणि त्यावर बसलेली, छातीवर क्रंपचं तोंड छापलेले टीशर्ट घातलेली जनता. प्रत्येकाच्या हातात फोन. निषेधासाठी आलेल्या बायका सर्वांत पुढे उभ्या होत्या आणि त्यांनी केस करून घेतले होते.

एस्टिल कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. इतक्या लोकांसमोर तो कधी बोलला नव्हता. त्याचा आवाज आपोआप मोठा झाला होता. मग पांढरी टोपी, काळा चष्मा, झुपकेदार मिशा आणि बेंबीपर्यंत उघडा शर्ट अशा थाटात रॉय डेल क्रंप ओढ्यात उतरला. पलीकडून शिट्ट्या आल्या. तो आला तो गुडघाभर पाण्यात थांबला.

वॅनेटाला चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते. पण पाण्यात उभं राहण्याची त्याची पद्धत तिच्या ओळखीची होती. पहिल्या बाप्तिस्म्याला तो असाच पोटऱ्या आखडून उभा होता, थंडी वाजतेय हे कुणाला कळू नये म्हणून.

"हा पापी आपल्यात येऊ मागतो," एस्टिल म्हणाला. "कुणाची हरकत?"

सगळ्यांनी हर्शेलकडे बघितलं. हर्शेल त्या दिवशी शहाण्यासारखा बुटांकडे बघत होता. एस्टिलनं हात पुढे केला, आणि तेवढ्यात त्याला तो हात दिसला. काळ्या बाहीतला, मनगटावर डेन्झिलचं सैल घड्याळ बांधलेला.

"वहिनी? हात चुकून वर गेला का?"

"चुकून नाही. माझी हरकत आहे."

काठावर कुजबुज उठली आणि विरली.

"कारण काय म्हणून?"

वॅनेटाला स्वतःचेच कान तापलेले जाणवत होते. घाबरली होती ती. पण हात वर गेला होता, आता खाली घेऊन काय उपयोग? "पश्चात्ताप झाल्याशिवाय माणूस पाण्यात घालत नाहीत, हा तुझाच नियम. याला पश्चात्ताप झालेला नाही. मी याला चांगली ओळखते. याची सगळी गाणी मी ऐकली आहेत."

"कुठली गाणी?" लोरीनच्या तोंडून निघून गेलं.

"तुला पाठ आहेत तीच सगळी."

पलीकडे कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. एस्टिलचा चेहरा लाल झाला. "त्याला विचारल्याशिवाय तुम्ही कसं..."

"विचारते की." ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली. "मिस्टर क्रंप, देवासमोर उभा आहेस, खरं बोल. झालाय का तुला पश्चात्ताप?"

डस्टिननं हो म्हटलं असतं तर आईचा हात खाली आला असता, आणि दुपारी तो बापाच्या कबरीशी उभा राहिला असता. एवढं एकच अक्षर होतं. सगळ्या काठाला वाटलं तो तेच म्हणणार. वॅनेटालाही वाटलं, आणि म्हणालाच तर आपण हात खाली घ्यायचा, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्यानं टोपीची कड दोन बोटांनी वर केली.

"नाही हो बाई," तो म्हणाला. नाकातून, जरा रडका, जरा खोडकर, शेवट मोडून खाली सोडलेला तो आवाज पाण्यावरून आला आणि अलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्यांनी दचकून माना वर केल्या. "एका गाण्याचा थोडा झालाय. ते जमलंच नव्हतं."

ट्रकवरची जनता फुटली. पण सभासदांत कुणी हसलं नाही. हर्शेलनं टोपी काढून छातीशी धरली. "हा तर आपला डेन्झिल बोलला," तो म्हणाला, आणि त्याला गप्प करायचं कुणाला सुचलं नाही.

डस्टिन कोरड्या शर्टानं बाहेर आला. तिच्याजवळून जाताना त्यानं मिशी उपटली आणि स्वतःच्या आवाजात हळूच विचारलं, "आता दुपारचं काय, आई?"

नवऱ्याचा आवाज राखला आणि मुलाची जागा घालवली, एवढं तिला कळत होतं. ती घरी गेली आणि जेवली नाही.

दुपारी कबरस्तानात तारेच्या कुंपणाच्या आत सभासद बाकांवर बसले. बाहेर गवतात बाकीचे. त्यांच्यात डस्टिन, राखाडी टीशर्टात, आणि त्याच्या आजूबाजूला तेच क्रंपच्या तोंडाचे टीशर्ट. ज्याचं तोंड छातीवर, तो शेजारी उभा होता आणि त्यांना पत्ता नव्हता. चार्ला आत आईशेजारी बसली. तिनं आईचा हात हातात घेतला.

एस्टिल सकाळपासून घुश्शात होता. तो कबरीशी उभा राहिला आणि त्यानं डेन्झिलचं गाणं काढलं.

"कलले ऊन, थकली पाउले," त्यानं ओळ दिली, नेहमीपेक्षाही वर, जणू वहिनीला शिक्षा म्हणून. सभासदांनी ती कशीबशी ओढली. "घर माझे..." म्हणता म्हणता त्याचा गळा चिरकला आणि बंद झाला. त्यानं खाकरून पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली. सगळे खाली बघत बसले. मेलेल्या माणसाचं गाणं अर्ध्यावर राहिलं, असं पिजन फोर्कला कधी घडलं नव्हतं.

"घर माझे डोंगरापार," ओळ आली. कुंपणाबाहेरून आली, खालच्या सुरात, भराभर, नाकातून.

आता नियम साधा होता. बाहेरच्या माणसाची ओळ घ्यायची नाही. पण पिजन फोर्कच्या माणसाला कळायला लागल्यापासून एकच सवय आहे, ओळ आली की ती उचलायची. डोक्यात नियम पोचेपर्यंत गळ्यांनी ओळ उचललेली होती. हर्शेलनं उचलली, निषेधाच्या बायकांनी उचलली, आणि लोरीननं तर सगळ्यांच्या वर उचलली. एस्टिल हात वर करून थांबवायला उभा होता. थांबवणार कुणाला? त्याचेच ओठ हलत होते.

"हाक तुझी ये, उघडे दार."

या वेळी बाहेरच्यांनीही ती घेतली. या आवाजानं ओळ दिली की परत गायची, हे त्यांना बिअरसकट पाठ होतं. मग ते वळून राखाडी टीशर्टवाल्याकडे बघायला लागले. कुणाच्या तरी हातातला फोन खाली आला.

"उतरव, देवा, हा भार."

वॅनेटा गात नव्हती. नवरा गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती, अंत्यविधीलाही नाही. ती आता हमसून रडत होती, आणि चार्ला तिच्या पाठीवरून हात फिरवत ओळ ओढत होती.

गाणं संपलं. एस्टिलनं काही म्हणायला तोंड उघडलं, आवाज आला नाही, आणि तो बसला. वॅनेटा उठली, डोळे पुसले आणि बाकांमधून चालत कुंपणापाशी गेली. डस्टिन तारेच्या पलीकडे उभा होता. दोघांत कमरेएवढी तार होती. ती त्यानं ओलांडली नाही आणि तिनंही ये म्हटलं नाही. येऊ देणार कोण होतं?

"जमलं का?" त्यानं विचारलं.

वॅनेटानं तारेवरून हात घालून त्याच्या टीशर्टाची नसलेली कॉलर उगाच नीट केली.

"आज शब्दही बरे होते," ती म्हणाली.